सुखवस्तू घरातले दुखणे

नोकरी कायम, घर स्वतःचे, मुले हुशार. मग दुःख कशाचे? ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीनेच विचारला जातो. परंतु नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे तोंड नेमके त्यानेच बंद होते. कारण सांगता येत नाही, म्हणजे दुखणेही खरे नसावे, अशी तो स्वतःची समजूत घालतो.

अभिनेत्री दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपले नैराश्य जाहीरपणे सांगितले. ऐन यशाच्या काळात ते त्यांना जडले होते. प्रथम ओळखले ते आईने. घरची सुबत्ता पाहून मधुमेह टळत नाही, तसाच हा विकारही टळत नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जावे. त्यासाठी दुःखाचा दाखला लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने हक्क ठरला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो.

तेव्हा घरच्यांनी ‘काय कमी आहे?’ असे न विचारता ‘झोप लागते का?’ एवढेच विचारावे. कोंडलेले मन कदाचित तेथेच बोलू लागेल.