इंग्रजी शब्दांच्या वळचणीला : जोडशब्दांत लपलेले अर्थ

सरकारच्या पशुसंवर्धन खात्याचं इंग्रजी नाव ॲनिमल हजबंड्री. जनावरांचा नवरा या खात्यात काय काम करतो, हा विनोद शाळकरी पोरं दर पिढीला नव्यानं करतात. पण ‘हजबंड’मध्ये मुळात लग्न नव्हतंच. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत ‘हूसबोंदी’ म्हणजे घराचा मालक, स्वतःचं घरदार असलेला माणूस. हा शब्द इंग्लंडात रुजला, आणि घर, शेत, गुरंढोरं सांभाळणं म्हणजे ‘हजबंड्री’ झालं. नवरा हा अर्थ मागाहून चिकटला. घरधनी म्हणजे नवरा, हे माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

सुटा शब्द रोजच्या तोंडी असतो, त्याचा अर्थ सरकत राहतो. तोच शब्द दुसऱ्याला जोडलेला असेल तर जुना अर्थ तिथं पुष्कळदा तसाच राहतो, कारण जोडशब्दाची फोड करून कोणी बोलत नाही. इंग्रजीत जिथं अर्थाची संगती लागत नाही, तिथं असं काही दडलेलं असण्याची शक्यता बरीच.

‘मिडवाइफ’ हा याचा सर्वांत देखणा नमुना. मिडवाइफ म्हणजे सुईण. तिच्यातली ‘वाइफ’ कोणाची? कोणाचीच नाही. जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे कोणतीही बाई. ‘मिड’चा अर्थही ‘मधली’ असा नाही. ‘मिड’ म्हणजे ‘सोबत’, आजच्या जर्मनमधलं ‘मिट’. बाळंतपणात बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. त्यामुळे ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्या पुरुषालाही मिडवाइफच म्हणतात आणि त्यात विसंगती काही नाही. मासे विकणारी ती फिशवाइफ. तिथंही लग्नाचा संबंध नाही. मराठीतली ‘बायको’ याच वाटेनं गेली. आज ती पत्नी, पण ‘बायकोमाणूस’ म्हटलं की जुनी, नुसती ‘बाई’ समोर येते.

‘मिड’ म्हणजे सोबत, मग ‘विद’ म्हणजे काय होतं? विरुद्ध! ‘विदस्टँड’ म्हणजे एखाद्याविरुद्ध ठाम उभं राहणं, तोंड देणं. त्यात ‘विद’चा तो जुना अर्थ आजही शाबूत आहे. पुढे ‘विद’नं ‘मिड’ची जागा बळकावली आणि ‘मिड’ सुईणीपुरता उरला. ‘फाइट विद’ म्हटलं की खांद्याला खांदा लावून लढणं की समोरासमोर, हा घोळ इंग्रजीत अजून मिटलेला नाही. अर्थात मराठीतलं ‘-शी’ही काही कमी लबाड नाही. ते बोलण्याला चालतं तसंच भांडणालाही.

मिठाईवाल्यांच्या पाट्यांवर ‘स्वीटमीट’ असा शब्द दिसतो. दुकान शुद्ध शाकाहारी आणि पाटीवर मीट! पण ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतंही खाणं. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, लेवीय या पुस्तकात ‘मीट ऑफरिंग’ सांगितलं आहे आणि त्याचं साहित्य आहे सपीठ, तेल आणि ऊद. मांसाचा तुकडा नाही. मराठी बायबलात त्याला अन्नार्पण म्हटलंय, तेच बरोबर. पुढे ‘मीट’चा अर्थ आक्रसून मांसावर आला आणि 1885 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीला तिथं ‘मील ऑफरिंग’ करावं लागलं.

‘डिअर’ही असाच आक्रसला. आधी ते कोणतंही जनावर होतं. ‘विल्डरनेस’ या शब्दात ते जुनं रानटी जनावर अजून आहे. संस्कृतातल्या ‘मृग’चीही तीच गत: मृग म्हणजे हरिण, पण मृगराज सिंह, आणि शाखामृग चक्क माकड.

मुंबईकराला ‘फास्ट’ म्हणजे लोकल. पण कापडवाला ‘फास्ट कलर’ची हमी देतो तेव्हा रंग लवकर जाईल असं तो सांगत नसतो. इथं ‘फास्ट’ म्हणजे पक्का, हलणार नाही असा. ‘फास्ट अस्लीप’ माणूसही झटपट नाही, गाढ झोपतो. घट्ट, नेटानं, जोरानं अशी वळणं घेत हा शब्द वेगापर्यंत पोचला. उपवास या अर्थाचं ‘फास्ट’ही त्याच घरातलं: नेम घट्ट धरणं. आपणही उपवास धरतोच, वर तो कडकही असतो.

‘क्विक’चा जुना अर्थ जिवंत. म्हणून हातात न ठरणारा पारा ‘क्विकसिल्व्हर’, जिवंत चांदी. नखाखालच्या ज्या हुळहुळ्या मांसाला आपण जिव्हाळी म्हणतो, त्यालाही इंग्रजीत ‘क्विक’च म्हणतात. संस्कृत ‘जीव’ आणि इंग्रजी ‘क्विक’ एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत.

मात्र या खेळात फसवणूकही होते. ‘पेंटहाउस’मध्ये मुळात ‘हाउस’ नव्हतं, जुन्या फ्रेंचमधल्या ‘अपेंटिस’चं, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या पडवीचं, ते इंग्रजांनी कानाला बरं वाटेल असं रूप केलं. ‘क्रेफिश’ मासा नाहीच. फ्रेंच ‘एक्रविस’चं शेपूट इंग्रजांना ‘फिश’सारखं ऐकू आलं. आणि ‘मंगूस’मधला ‘गूस’ म्हणजे हंस असावा असं वाटून त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करणारे इंग्रज आजही भेटतात. शब्दकोश मात्र ‘मंगूसेस’च्या बाजूनं आहेत, कारण तो शब्द मराठी मुंगुसावरून गेला आहे.