हरण्याचे अकरा दिवस

मैत्रिणींनो, २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपल्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीसमोर जागून काढली असेल. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक पहिल्यांदा घरी आला. सलामीला आपली सांगलीची स्मृती मानधना, त्यामुळे सांगली-साताऱ्यात तर घरचं कार्य असल्यासारखा उत्साह होता. त्या रात्रीबद्दल भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्याआधीच्या, हरण्याच्या अकरा दिवसांबद्दल.

सुरुवात छान झाली होती. श्रीलंकेला हरवलं, पाकिस्तानलाही. मग ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेनं हातातोंडाशी आलेला सामना काढून घेतला. १२ तारखेला तिथेच आपण चांगल्या ३३० धावा केल्या, तर ऑस्ट्रेलियानं त्याही पार केल्या. आणि १९ ला इंदूरला इंग्लंडविरुद्धचा सामना अवघ्या ४ धावांनी गेला. स्मृती ८८ वर खेळत होती. उंच फटका मारला, झेल गेला आणि बसलेली घडी विस्कटली.

दुसऱ्या दिवशी आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेबाआधी हाच विषय. एक जण म्हणाली, "पोरींना दडपण झेपत नाही बाई, उगीच डोक्यावर घेतलं त्यांना." मला खरंच वाईट वाटलं. पुरुषांचा संघ हरला की आपण खेळपट्टीला, पंचांना नावं ठेवतो. मुली हरल्या की थेट मुलगी असण्यावरच येतो!

कामानिमित्त सातारा जिल्ह्यातल्या गावांत जाते, तिथे हे वाक्य वेगळ्या रूपात भेटतं. मुलगी कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेली की शाल-श्रीफळ, पेपरात फोटो. पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत संघ बाहेर पडला की, "बस झालं आता, बारावीचं वर्ष आहे." भाऊ निवड चाचणीत दोनदा नापास झाला तर त्याला म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." मुलीच्या वाट्याला हे पुढचं वर्ष येतच नाही. हरणं तिचं शेवटचं ठरतं ते मैदानावर नाही, घरात.

म्हणून त्या संघाचं पुढं काय झालं ते नीट बघायला हवं. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं. स्पर्धेच्या काळात आपण रोज रडत होतो, मन अस्वस्थ होतं, असं तिनं नंतर उघडपणे सांगितलं. चारच दिवसांनी तिला परत घेतलं, तिनं न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ केल्या. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७! शेफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं. उपांत्य सामन्यात तिच्या जेमतेम १० धावा, तरी अंतिम सामन्यात तीच सलामीला आली आणि ८७ करून गेली.

आणि स्मृती? पहिल्या तीन सामन्यांत ८, २३, २३. मग ८०, ८८ आणि न्यूझीलंडविरुद्ध १०९. स्पर्धेत एकूण ४३४ धावा. आपल्या घरातली मुलगी त्या पहिल्या तीन आकड्यांवर थांबवली गेली असती, असं मला सारखं वाटत राहतं.

स्मृतीच्या आईची एक गोष्ट मला फार आवडते. दहावीनंतर स्मृतीला सायन्सला जायचं होतं. आईच नाही म्हणाली, कारण सायन्स घेतलं तर क्रिकेटला वेळ उरणार नाही. आपल्याकडे किती आया असं म्हणतील हो? वडील स्वतः सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या संघात, म्हणजे घराला खेळातल्या चढ-उतारांची सवय होती हे खरं. पण सगळ्याच घरांना ती नसते. आमच्या साताऱ्याकडच्या शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिच्या सरावासाठी शिक्षक वडिलांनी गाव सोडून कुटुंब साताऱ्याला आणलं होतं. पदकाची खात्री तेव्हा कोण देणार होतं?

पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा आहेत. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलेला एक संघ पुन्हा उतरतोय. त्यातल्या तिघींच्या आया अजून "बघू" म्हणताहेत. त्यांना डबे घेऊन मैदानावर न्यायचं मी ठरवलंय. सामना सकाळी नऊचा आहे, म्हणजे पोळ्या पहाटेच कराव्या लागणार.