हृदयातील अतिरिक्त विद्युन्मार्ग आणि कॅथेटर ॲब्लेशन

अकस्मात छाती धडधडू लागते, काही वेळाने तितक्याच अकस्मात थांबते आणि मधल्या काळात प्रकृती पूर्णतः निरोगी असते, अशी तक्रार घेऊन येणारा तरुण रुग्ण घाटावर असो वा घाटाखाली, आपणा चिकित्सकांस अपरिचित नाही. हृद्द्रव या लक्षणाचे मूळ आपण बहुधा वातप्रकोप, पांडू, भय अथवा चिंता यांत शोधतो. तथापि काही रुग्णांत हे मूळ हृदयाच्या जन्मजात रचनेत असते. त्याचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू होय.

हृदयस्पंदनाची विद्युत्प्रेरणा उजव्या अलिंदातील सायनस नोडमध्ये उत्पन्न होते. अलिंद व निलय यांच्यामध्ये तंतुमय, विद्युद्रोधक पडदा असून प्रेरणेला केवळ एव्ही नोडमधून, किंचित विलंबाने, खाली जाता येते. काही व्यक्तींत मात्र या पडद्यातून जाणारा स्नायूचा सूक्ष्म धागा जन्मापासून शिल्लक राहतो. प्रेरणा नोडमधून खाली आणि धाग्यातून वर अशी वर्तुळाकार फिरू लागली, की नाडीची गती मिनिटाला 150 ते 250 पर्यंत जाते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या वैद्यकांनी 1930 साली या विकाराचे वर्णन केले.

विश्रांतीच्या वेळी काढलेल्या ईसीजीत पीआर अंतर 120 मिलिसेकंदांहून कमी आणि डेल्टा तरंग दिसल्यास निदान सुलभ होते. परंतु काही धागे प्रेरणा केवळ वरच्या दिशेने नेतात. अशा रुग्णाचा एरवीचा ईसीजी निर्दोष येतो व त्याच्यावर ‘मानसिक’ असा शिक्का बसतो. म्हणून झटका चालू असतानाच ईसीजी काढून तो जपून ठेवावयास रुग्णास आवर्जून सांगावे.

झटक्यात रुग्ण शुद्धीवर व रक्तदाब स्थिर असल्यास त्यास अर्धवट बसवून 15 सेकंद जोराने कुंथावयास लावावे, त्वरित उताणे निजवून पाय 45 अंश उचलून 15 सेकंद धरावेत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने 43 टक्के, तर जुन्या पद्धतीने 17 टक्के रुग्णांची गती पूर्ववत झाली. मूर्च्छा, छातीत वेदना अथवा अनियमित, अतिवेगवान नाडी असल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. अलिंदाचे अनियमित कंपन धाग्यावाटे थेट निलयात उतरल्यास प्राणावर बेतू शकते. अशा वेळी डिगॉक्सिन व व्हेरापामिल ही औषधेही घातक ठरतात.

औषधांनी झटके कमी होतात, धागा मात्र तसाच राहतो. ॲब्लेशनमध्ये जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेऊन धाग्याचे नेमके स्थान शोधतात आणि रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जेच्या उष्णतेने काही मिलिमीटर भाग निष्क्रिय करतात. छाती उघडावी लागत नाही. 1991 पासून ही पद्धती जगभर रूढ झाली असून यशाचे प्रमाण सामान्यतः 90 टक्क्यांहून अधिक आहे. क्वचित धागा पुन्हा कार्यरत होतो. नोडला इजा होऊन पेसमेकर लागणे, हृदयावरणात रक्तस्राव होणे हे धोकेही, विरळ का होईना, आहेत. ते रुग्णास सांगितले पाहिजेत.

अग्निकर्माने दग्ध व्याधी पुन्हा उद्भवत नाही, हे सुश्रुताचार्यांचे मत येथे सहजच स्मरते. साम्य तत्त्वापुरतेच आहे. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म असल्याने हे कर्म प्रशिक्षित हृदयरोगतज्ज्ञाचेच होय.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींचे दायित्वही मोठे आहे. त्रिभुवनकीर्ती व आनंदभैरव या रसकल्पांत वत्सनाभ असतो. शोधनाने त्याची विषाक्तता घटते, तरी मात्रा वा शोधन चुकल्यास तो स्वतःच हृदयगती बिघडवितो. करवीराचेही तसेच. ही दोन्ही द्रव्ये अनुसूची ई-1 मध्ये अंतर्भूत आहेत. सबब, धडधडीचा इतिहास असलेल्या ग्राहकास असे कल्प वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. अर्जुन सेवनाने हा धागा नाहीसा होतो, असे आश्वासनही कोणी देऊ नये.

ॲब्लेशनची सोय मोठ्या शहरांतील हृदयरोग केंद्रांतच असते. मलकापूर वा शेगावहून रेल्वेने मुंबई किंवा नागपूर गाठता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी. रुग्णासोबत झटक्यातील ईसीजी आणि चालू औषधांची, आपल्या कल्पांसह, संपूर्ण यादी द्यावी. योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग आहे, असे आम्ही मानतो.