आधी मळ काढा

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या भाडेकरू कुटुंबातल्या मुलीला कांजिण्या आल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला : त्या घरातल्यांनी लिफ्ट वापरू नये, कामाच्या मावशींनी तिकडे जाऊ नये आणि फवारणीचे पैसे त्यांनीच भरावेत. संध्याकाळी पाठीवर पंप घेतलेला माणूस आला. दार, उंबरठा, चपला, जिन्याचा कठडा सगळे भिजवून गेला. मुलगी जाळीच्या दाराआडून बघत होती.

तिचे ते बघणे मला सहन झाले नाही. हा पंप मी आधीही पाहिला आहे, आणि आमच्या गावाला अशा 'शुद्धी'ची ओळख तर सव्वाशे वर्षांची आहे.

1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरले. रोगी शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात धाडायचे. मागे राहिलेल्या घरात जमीन उकरायची, जंतुनाशक ओतायचे, भिंतींना चुना फासायचा, सामान जाळायचे. देवघरही सुटत नसे. त्या वर्षी 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर आमच्या चिंचवडचे. तिघे भाऊ फासावर गेले. चापेकर चौकातून रोज हजारो गाड्या जातात, पण त्या संतापाच्या मुळाशी घर 'शुद्ध' करण्याची एक रीत होती, हे फार थोड्यांना आठवते. आणि तो चुना बराचसा वायाच गेला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिले. शिपाई मात्र भिंती पांढऱ्या करत होते.

माझे दशक 1970चे. 1970 सालीच पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि मी एचए कॉलनीत पाटी घेऊन शाळेत जायला लागले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हे पूर्ण नाव कुणी घेत नसे. 1954 साली स्थापन झालेली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. देशाचे पेनिसिलिन इथे व्हायचे. माझे वडील, अण्णा, तिथे निर्जंतुक विभागात होते. आत जाताना अंगावरचे कपडे बदलायचे, टोपी-मास्क घालायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे. ती शिस्त त्यांच्याबरोबर घरी यायची.

मी दुसरीत असताना दादाला टायफॉईड झाला. तीन आठवडे तो आतल्या खोलीत होता. आईने त्याचे ताट, तांब्या-भांडे वेगळे काढले, पण रोज त्याच्या उशाशी बसून भात ती स्वतः भरवायची. त्याच्या चादरी धुण्याचा सोडा घालून मोठ्या पातेल्यात रटारटा उकळायच्या. गोधड्या उन्हात, दुपारी एकदा उलटायच्या. त्याच्या भांड्यातल्या घाणीवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून ती अर्धा तास तशीच ठेवायची आणि मगच संडासात ओतायची. नंतर लाल कार्बोलिक साबणाने हात. फरशी फिनेलने, पाणी दुधासारखे पांढरे होईपर्यंत. एकदा घाईत तिने न झाडलेल्या मोरीतच फिनेल ओतले, तेव्हा अण्णा म्हणाले, "अगं, आधी मळ काढ. मळ तसाच ठेवून औषध ओतलंस तर ते मळावरच खर्ची पडतं, जंतूपर्यंत पोचत नाही."

इतके साधे शास्त्र. क्लोरीनचेही तसेच. आधी साबणपाण्याने घासायचे, मग टीसीएलचे ताजे पाणी लावायचे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यायचे. डबा उघडा राहिला की पावडरीचा जोर जातो. संडासाच्या ॲसिडबरोबर ती कधीही मिसळायची नाही, विषारी वायू होतो. हे सगळे मला नववीच्या आत ठाऊक होते, कारण कॉलनीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी सांगणारे होते.

दादा आजारी असताना शेजारच्या काकू रोज वरणभाताचा डबा आणून द्यायच्या आणि रिकामा नेऊन गरम पाण्याने धुवायच्या. भीती त्यांनाही होती, त्यांची तीन मुले लहान होती. पण डबा एक दिवसही चुकला नाही.

त्या दशकात सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. टेल्कोत नोकरीला लागलेला एक मुलगा मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्याला क्षय झाला. औषधाने तो बरा झाला, तरी आमच्या घरी त्याची कपबशी पुढे कितीतरी वर्षे बाहेरच्या फडताळात वेगळी राहिली. क्षय कपबशीतून पसरत नाही, तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. हाकेच्या अंतरावर क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन तयार होत होते आणि आम्ही कप वेगळा ठेवत होतो. त्याने तो कप रोज स्वतः धुऊन ठेवला. आईचे चुकले. मी मोठी झाल्यावर तो कप आत आणायला हवा होता, माझेही चुकले.

ऐंशी-नव्वदच्या दशकांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. फिनेल गेले, रंगीत सुगंधी बाटल्या आल्या. पुढे 2009च्या स्वाइन फ्लूत गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आल्या. एचएचे दिवस मात्र नव्वदच्या दशकातच फिरले होते. पुढे कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. अण्णा तोवर गेले होते, एवढेच बरे.

मग एप्रिल 2021. ह्यांना कोरोना झाला. खाटा मिळत नव्हत्या, घरीच विलगीकरण. मी आईसारखेच केले : वेगळी खोली, खिडक्या सताड उघड्या, दोघांच्या तोंडावर मास्क, बाथरूम रोज आधी साबणाने आणि मग हायपोक्लोराइटने. तिसऱ्या दिवशी न विचारता दारावर फवारणी झाली. चपला, पायपुसणे, कुंडीतली तुळस. दोन दिवसांत तुळशीची पाने करपली. चौदा दिवसांत दाराशी एकही डबा आला नाही. हवेतून येणाऱ्या रोगासाठी उंबरठा भिजवणाऱ्यांपैकी एकानेही खिडकी उघडी ठेवायला सांगितले नाही. माणसांच्या अंगावर फवारणी करू नका, असे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच बजावले होते. पुढे रस्ते आणि मोकळ्या जागा फवारण्यातही अर्थ नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. पंप थांबले नाहीत. त्यांतले औषध रोग्यासाठी नव्हते, बघणाऱ्यांच्या समाधानासाठी होते. रँडच्या चुन्याची जात तीच.

कांजिण्याही मुख्यतः हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून लागतात. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत मूल घरात ठेवायचे, नखे कापायची, कपडे-टॉवेल वेगळे धुवायचे, घरातल्या गरोदर बाईला आणि ज्यांना पूर्वी झाल्या नाहीत त्यांना जपायचे. त्या मुलीची आई हे सगळे करत होती. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "काकू, आम्ही घाणेरडे आहोत असं वाटतं का हो सगळ्यांना?"

मुलीच्या खपल्या धरल्या आहेत आणि सोमवारपासून ती शाळेत जाते. तिच्या वडिलांनी फवारणीचे पैसे भरले आहेत, आणि महिनाअखेरीस ते कुटुंब घर सोडणार आहे. येत्या सभेत ते पैसे त्यांना परत करण्याचा आणि त्यांची माफी मागण्याचा ठराव मी मांडते आहे. सभासदांनो, त्या दिवशी हात वर करा.