एकाच सूर्याखाली

मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात उतरणाऱ्यांना माणगाव चांगले परिचयाचे. तेथे एका जवानाचा पुतळा आहे, तो व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचा. त्यांची दुसरी खूण मात्र मी पाहिली ती हजारो मैल दूर, इटलीत.

उंब्रिया प्रांतात, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीच्या माथ्यावर माँतोने नावाचे चिमुकले गाव आहे. दगडी घरे, चढणीच्या अरुंद गल्ल्या, वस्ती दोन हजारांच्या आतली. आपल्याकडच्या एखाद्या गडावर संसार थाटावेत, तसे ते दिसते. तेथे २०२३ च्या जुलैमध्ये गावच्या नगरपालिकेने आणि इटालियन युद्धेतिहासकारांनी यशवंतरावांचे स्मारक उभारले. पुतळा नव्हे, तोफ नव्हे, चक्क सूर्यघड्याळ!

यशवंतराव माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते दुसऱ्या महायुद्धात उतरले. १० जुलै १९४४ रोजी त्यांची तुकडी या खोऱ्यातल्या एका बळकट जर्मन मोर्चावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तुकडीतले सारे जवान मेले वा जखमी झाले. उरले एकटे यशवंतराव! ते तसेच पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन व तिचा चालक गारद केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरायला उसंत नव्हती. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. मोर्चा हाती आला. पण दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत घुसल्या आणि जिंकलेल्या जागीच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस!

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे होते. आणि पाहा, मायदेशी १९४२ साली ‘छोडो भारत’ची घोषणा होऊन गेलेली! राज्य परक्याचे, रणभूमीही परक्याची. मग त्यांचा पराक्रम कोणाच्या खात्यावर मांडायचा? हा प्रश्न आपल्याला इतकी वर्षे अवघड वाटत आला. म्हणून की काय, या पोरांची नावे आपल्या घरांतून क्वचितच निघतात. माँतोनेकरांनी हिशेब सोपा केला. आपल्या भूमीवर कोणी तरी लांबून येऊन मेले, ते विसरायचे नाही, बस्स!

वाचकहो, यशवंतरावांच्या थडग्याचा पत्ता नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, थडगे न लाभलेल्या चार हजारांवर सैनिकांत त्यांचे नाव कोरले आहे. म्हणून मला या घड्याळाचे मोल अधिक वाटते. त्यावर लॅटिन ब्रीद आहे: सारी माणसे एकाच सूर्याखाली. हे शब्द वाचताना मला त्या मोर्चातले चार जर्मनही आठवले. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेलच. एका वीराच्या नावाने उभ्या राहिलेल्या या दगडाने त्यांनाही उन्हाबाहेर ठेवलेले नाही.

पळसगावच्या शिवारावर माध्यान्ह होते, आणि सुमारे चार तासांनी तोच सूर्य माँतोनेच्या माथ्यावर येतो.