विश्लेषण : दहा दिवसांच्या मौनाने स्वभाव बदलतो? विपश्यनेत नेमके काय घडते?

इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’ केंद्रात शिबिरासाठी आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच मोबाइल जमा करावा लागतो. पुढचे दिवस बोलणे नाही, वाचन नाही, लेखन नाही, शेजारच्याकडे पाहून हसणेही नाही. तेथून परतलेल्यांपैकी काही जण ‘स्वभावच बदलला’ असे सांगतात, तर काहींची चिडचिड पंधरा दिवसांत पूर्ववत सुरू होते. या साधनेत नेमके काय होते आणि तिचा रोजच्या जगण्याशी संबंध काय, याचा आढावा.

ही परंपरा इगतपुरीत कशी आली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशात लेडी सयाडो या भिक्षूंनी ध्यानसाधना सामान्य गृहस्थांना शिकवण्यास सुरुवात केली. त्यानंतरचा वारसा चालवला तो सया थेतजी या शेतकऱ्याने आणि पुढे सयाजी ऊ बा खिन यांनी. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. कार्यालय सांभाळून ते साधना शिकवत.

त्यांच्याकडे १९५५ मध्ये मंडाले येथे जन्मलेले भारतीय वंशाचे उद्योजक सत्यनारायण गोएंका गेले ते तीव्र अर्धशिशीला कंटाळून. केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर ही साधना तुमच्यासाठी नाही, असे त्यांना आधी ऐकावे लागले. पुढे १४ वर्षे शिकल्यानंतर गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. गोराई येथील खांबांविना उभ्या असलेल्या भव्य घुमटाच्या पॅगोडाचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. गोएंका यांचे २०१३ मध्ये निधन झाले. आजही शिबिरे त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांवर चालतात.

दहा दिवसांत काय करतात?

पहाटे ४ वाजता घंटा होते आणि रात्री ९ च्या सुमारास दिवस संपतो. दिवसभरात सुमारे दहा तास ध्यान असते. हत्या, चोरी, असत्य, मद्यपान व अन्य नशा आणि लैंगिक संबंध टाळण्याचे पंचशील शिबिरभर पाळावे लागते. सकाळी ११ वाजता जेवण. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळे मिळतात. रात्रीचे जेवण नसते.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देणे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. त्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष नेत तेथील संवेदना पाहायच्या. खाज, उष्णता, दुखणे, मुंग्या, जे असेल ते पाहायचे, हलायचे नाही. दहाव्या दिवशी मैत्रीभावनेची साधना होते आणि मौन सुटते. शिबिराला शुल्क नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या देणगीतून खर्च भागतो.

खाज सहन केल्याने राग कसा कमी होणार?

या साधनेचा गाभा इथेच आहे. समजा, कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरिष्ठांनी सर्वांसमोर चूक दाखवली. क्षणात कान तापतात, छाती धडधडते, जबडा आवळला जातो आणि बोटे उत्तर टाइप करू लागतात. आपल्याला वाटते, राग त्या संदेशामुळे आला. बौद्ध विचारातील प्रतीत्यसमुत्पादाचे विवेचन या दोहोंमध्ये आणखी एक कडी दाखवते : संपर्कातून वेदना, म्हणजे सुखद वा दुःखद संवेदना आणि वेदनेतून तृष्णा, म्हणजे ‘हे हवे’ किंवा ‘हे नको’ ही ओढ. म्हणजे आपण संदेशाला नव्हे, तर त्याने शरीरात उठलेल्या अप्रिय संवेदनेला प्रतिक्रिया देत असतो.

साखळी तुटू शकते ती वेदना आणि तृष्णा यांच्या दरम्यान. संवेदना थांबवणे हाती नसते. तिच्यावर तुटून पडायचे की नाही, हे असते. गुडघ्याची कळ किंवा नाकावरची खाज तासभर न हलता पाहणे हा त्याचाच सराव. ती येते, वाढते आणि जाते, हे अनित्यतेचे तत्त्व पुस्तकातून नव्हे, तर अंगावर कळते.

पाली साहित्यातील दोन बाणांचा दृष्टान्तही हेच सांगतो. पहिला बाण शारीरिक दुःखाचा, तो बुद्धिमानालाही लागतो. दुसरा बाण म्हणजे त्या दुःखावरची चरफड. तो अज्ञानी माणूस स्वतःवर ओढवून घेतो.

गूढ अनुभव येतात का?

काहींना शरीर विरघळल्यासारखे, अंगभर सूक्ष्म लहरी वाहत असल्यासारखे वाटते. मात्र तो प्रगतीचा पुरावा मानला जात नाही. उलट ‘काल आला तसा अनुभव आजही यावा’ ही इच्छा म्हणजे पुन्हा तृष्णाच. दुखऱ्या गुडघ्याकडे आणि सुखद लहरींकडे समान भावाने पाहणे, म्हणजे समता, हेच येथे माप आहे.

तुरुंगातील प्रयोगांचे काय?

जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ मध्ये पहिले शिबिर झाले. साधकांच्या पायात बेड्या असू नयेत, असा गोएंका यांचा आग्रह होता. किरण बेदी महानिरीक्षक असताना १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात एक हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले आणि नंतर तेथे कायमस्वरूपी केंद्र सुरू झाले.

संशोधन काय सांगते?

बौद्ध ध्यानातून प्रेरणा घेऊन जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा ‘माइंडफुलनेस’ कार्यक्रम सुरू केला. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१४ साली विविध ध्यान कार्यक्रमांच्या ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम स्वरूपाची सुधारणा त्यात दिसली. मात्र औषधे, व्यायाम यांसारख्या उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असे केंद्रेही सांगतात. अर्जात आरोग्याची माहिती विचारली जाते. ती लपवणे धोक्याचे ठरू शकते.

आंबेडकरी विचारातून कोणता प्रश्न उभा राहतो?

महाराष्ट्रात बौद्ध धम्म म्हटला की संदर्भ १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा असतो. त्यामुळे विपश्यनेवर चळवळीतील काहींचा आक्षेप आहे. दुःखाचे मूळ केवळ मनात शोधले तर जातीने आणि दारिद्र्याने लादलेल्या दुःखाचे काय? अपमान करणाऱ्याला सोडून अपमानितानेच समता राखायची का? दुसरीकडे, अनेक आंबेडकरी कार्यकर्ते स्वतः नियमित साधना करतात आणि दोहोंत विरोध मानत नाहीत.

डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. धर्म वैयक्तिक असेल, पण धम्म सामाजिक आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र राहू लागली की ती निर्माण होते, अशी मांडणी त्यात आहे. साधकासाठीही ही कसोटी नेमकी आहे. ध्यानाला बसल्यावर किती शांत वाटले, यापेक्षा घरातल्यांशी, घरकामाला येणाऱ्या बाईंशी, हाताखालच्या माणसांशी वागणे बदलले का, हे महत्त्वाचे. समता म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. न चिडता, पण ठामपणे ‘हे चालणार नाही’ म्हणता येणे, हाही तिचाच भाग ठरतो.

घरी परतल्यावर काय?

सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असे शिबिराच्या शेवटी सांगितले जाते. लोकलचा प्रवास, मुलांची शाळा आणि घरातली आजारपणे सांभाळून ते जमवणे अवघड जाते आणि बहुतेकांचा सराव तिथेच तुटतो. दहा दिवस हा अभ्यासाचा आरंभ आहे, पूर्ण उपचार नव्हे. ज्यांना इतके दिवस काढता येत नाहीत, त्यांना आनापानाच्या छोट्या सत्रापासून सुरुवात करता येते. संतापाचा संदेश पाठवण्याआधी दोन श्वास थांबून कान तापले आहेत का, हे पाहणे कोणालाही शक्य आहे. पाठवायचा तो संदेश त्यानंतरही पाठवता येतो.