गाडीची चकाकी कुठे जाते?

स्वयंपाकघरातले रोजच्या वापराचे एखादे स्टीलचे ताट घ्या. तारेच्या घासणीने दोन-चार वर्षे घासलेले असेल तर उत्तमच. खोलीत अंधार करा, बॅटरी पेटवा आणि ताटाच्या मधल्या सपाट भागात दिसणाऱ्या तिच्या प्रतिबिंबाकडे नीट पाहा. प्रतिबिंबाभोवती चमकत्या बारीक रेघांची वर्तुळे दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता बॅटरी थोडी बाजूला सरकवा. वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतील! ताटावर उमटलेली रेघ अशी जागा कशी बदलेल?

मला हा प्रश्न पडला तो मात्र ताटावरून नव्हे, एका काळ्या मोटारीवरून. गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आकडा मोठा वाटतो ना? पण २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. भागाकार करा. माणशी सव्वा लिटरच्या आसपास उत्तर येईल.

त्या दिवसांत लातूरचा माझा एक प्राध्यापक मित्र आपली नवी काळी मोटार रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत असे. पाण्याचा थेंबही न वापरता गाडी स्वच्छ राहते, याचा त्याला थोडा अभिमानही होता. दिवाळीत तो नांदेडला माझ्याकडे आला तेव्हा गाडी उन्हात उभी होती आणि टपावर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, तीच ती वर्तुळे. "कुणीतरी गाडी गोल गोल घासली रे," तो हळहळला. त्याचा संशय वॉशिंग सेंटरवरच्या एका पोरावर होता.

पोरगा निर्दोष होता. टपावर एकही वर्तुळ नव्हते. होते ते हजारो बारीक, आखूड, वाटेल त्या दिशेला गेलेले ओरखडे. ओरखडा म्हणजे एक चिमुकली पन्हळ. पन्हळीवर पडलेला प्रकाश तिच्या लांबीच्या दिशेने पसरत नाही, लांबीला आडवा पसरतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे नेमके आडवे पडलेले असतात, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. प्रतिबिंबाच्या चारी बाजूंना असे आडवे ओरखडे तेवढे उजळले की त्यांची वर्तुळे भासतात. दिवा हलवला की दुसरे ओरखडे उजळतात, म्हणून वर्तुळे सरकतात. आपल्या ताटाचे कोडेही इथेच सुटले.

आता हे ओरखडे कशात पडतात ते पाहू. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळी बहुतेक गाड्यांना एकाच प्रकारचा रंग दिलेला असे. त्या गाड्या पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरे, हे तुमच्या आजोबांना विचारा. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर मात्र गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज येईल. चकाकी सगळी या वरच्या थराची. तो आरशासारखा सपाट असेल तर प्रकाशाचे नियमित परावर्तन होते आणि गाडीत आपला चेहरा दिसतो. ओरखडे वाढले की परावर्तन अनियमित होऊ लागते. काळा रंग मग राखाडी दिसतो, कारण भलतीकडे जायचा प्रकाशही डोळ्यांत येऊ लागतो.

या थराचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. मे महिन्याच्या मध्याला नांदेड-लातूरवर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे टप आणि बॉनेट यांना सर्वांत जास्त मार बसतो. क्लिअर कोट झिजून पातळ झाला की खालचा रंग फिका पडतो आणि पुढे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या गाड्यांच्या टपावर हे पापुद्रे तुम्ही पाहिलेही असतील.

ओरखडा पाडतो कोण? फडका तर मऊ सुती असतो. दोष फडक्याखाली सापडलेल्या धुळीचा. मोहच्या काठिण्यश्रेणीत काच साडेपाचच्या आसपास येते. लातूरची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यातला फेल्डस्पार सहाच्या आसपास, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोट्या सातच्या. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात की बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. त्यात तर क्वार्ट्झ मुबलक. क्लिअर कोट शेवटी एक प्रकारचे प्लॅस्टिक. रंगाच्या कारखान्यात त्याचे काठिण्य चक्क पेन्सिलींनी तपासतात. टू-बी, एच-बी, एच, टू-एच अशा पेन्सिली क्रमाने दाबून ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहायचे. जिथे पेन्सिल चरा पाडते तिथे गारगोटीच्या कणाची काय कथा!

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचे फारसे काही बिघडत नाही. ती घासली की बिघडते. पाणीटंचाईत माझ्या मित्राने गाडी आठ-पंधरा दिवस मळकी ठेवली असती, फक्त काचा पुसल्या असत्या, तर पाणीही वाचले असते आणि रंगही.

तुम्ही म्हणाल, मग पाण्याने तरी काय फरक पडतो? धूळ तर तीच. फरक असा की पाणी कणाच्या खाली शिरते, साबण कणाची रंगाशी असलेली पकड ढिली करतो आणि कण घासला जाण्याऐवजी तरंगत निघून जातो. पण त्यासाठी नळी सोडून ठेवण्याची गरज नाही. तुमच्या घरची नळी एका मिनिटात किती लिटर पाणी देते, ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. १५ लिटर भरले असे समजा. दहा मिनिटांत १५० लिटर गेले. दोन बादल्यांत तेच काम ३० लिटरांत होते.

मात्र बादल्या दोनच हव्यात. एकीत गाडीचा सौम्य शाम्पू कालवलेले पाणी, दुसरीत साधे. आधी तांब्याने थोडे पाणी वरून ओतून मोठी धूळ वाहू द्यायची. मग शाम्पूचा फडका टपापासून खाली फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी तो साध्या पाण्यात खंगाळून, पिळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. येथे आपल्या मदतीला स्टोक्सचा नियम येतो. द्रवात खाली बसणाऱ्या गोल कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५० मायक्रॉन व्यासाचा क्वार्ट्झचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे सव्वादोन मिलिमीटर खाली जातो, म्हणजे २५ सेंटिमीटर खोल बादलीच्या तळाशी तो दोन मिनिटांत पोहोचतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला पाऊण तास लागतो! ओरखडे पाडणारी जाड रेती तेवढी लवकर तळाला जाते. तेव्हा फडका वरच्या पाण्यातच खंगाळावा, तळ ढवळू नये. आमच्याकडे आजी गढूळ पाणी निवळू देऊन वरचे अलगद ओतून घेत असे, ते हेच शास्त्र. हे बादलीतले पाणी नंतर झाडांना घाला. शाम्पूचे मात्र कुंडीत नको.

धुवायची वेळ सकाळची, जागा सावलीची. यामागचे कारण लोक चुकीचे सांगतात. "पाण्याचे थेंब भिंगासारखे काम करतात आणि रंग जाळतात" हे तुम्हीही ऐकले असेल. गणित करून पाहा. अर्धगोल थेंबाची त्रिज्या आर धरा. वक्र पृष्ठभागातून पाण्यात शिरलेले समांतर किरण ज्या अंतरावर एकत्र येतील ते अंतर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक १.३३ भागिले ०.३३, गुणिले आर. उत्तर आले सुमारे ४ आर. पण थेंबाची उंची तर अवघी १ आर! म्हणजे किरण एकत्र येण्याची जागा रंगाच्या बऱ्याच खाली, पत्र्याच्याही पलीकडे पडते. रंगावर प्रकाश थोडा गोळा होतो, पण नाभी तिथे कधीच नसते.

खरा अपराधी थेंबात विरघळलेला असतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी आटताना विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. गीझरच्या कॉइलवर पांढरे पुट चढते तेच. भर उन्हात काळ्या टपावर हात ठेववत नाही, तिथे थेंब मिनिटभरात आटतो आणि पांढरे कडे सोडतो. कडेच का, ठिपका का नाही? थेंबाची कड जागेवर चिकटून असते आणि तिथून बाष्पीभवन जास्त होते. ती तूट भरून काढायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि क्षारही तिकडेच नेते. सांडलेला चहा वाळल्यावर पडणारा डाग आठवा. तेव्हा धुतल्यावर गाडी वाळू द्यायची नाही, लगेच टिपायची. ताजा डाग पाण्यात मिसळलेल्या थोड्याशा व्हिनेगरने जातो, पण नंतर ती जागा धुवायला विसरू नका.

धुऊनही काही गोष्टी निघत नाहीत. डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, आणि रेल्वेमार्गाजवळ किंवा ब्रेकच्या चकत्यांतून उडालेला लोखंडाचा भुगा. हा भुगा रंगाला चिकटून तिथेच गंजतो. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटे फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा आता खरखरीत लागेल, कारण पिशवीमुळे घर्षण कमी होऊन बारीक उंचवटे वेगळे जाणवतात. त्यांच्यासाठी 'क्ले बार' नावाची वडी मिळते. ही कल्पना जपानची. तादाओ कोदाते यांना तिचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळाले. नाव मातीचे असले तरी ती माती नव्हे. मळता येणाऱ्या कृत्रिम पदार्थात अतिशय बारीक अपघर्षक कण घातलेले असतात. साबणाच्या पाण्यावरून वडी हलकेच सरकवली की वर आलेला कण छाटला जाऊन तिच्यात रुततो, सपाट भागाला मात्र ती फारशी लागत नाही. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यावी. आणि गणपतीची उरलेली शाडू वापरून पाहण्याचा मोह कुणाला झाला, तर आवरा. तिच्यात वाळू असते.

राहिले पॉलिश. येथे मोठा गैरसमज आहे. पॉलिश गाडीला काही लावत नाही, ते गाडीचे काहीतरी काढते. गॅरेजवाले त्याला 'रबिंग' म्हणतात, तो शब्द अधिक प्रामाणिक आहे. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेविषयी हेच म्हटले आहे. घासून ओरखडे नाहीसे होत नाहीत, मोठ्यांच्या जागी इतके बारीक येतात की ते दिसत नाहीत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. त्याहून बऱ्याच लहान उंचसखलपणाची प्रकाश दखल घेत नाही. पण दोन मायक्रॉन खोल ओरखडा घालवायचा तर भोवतालचा सगळा थर दोन मायक्रॉन उतरवावा लागतो. ४० मायक्रॉनच्या शिलकीतून दर दिवाळीला दोन-तीन खर्च करणारा माणूस फार वर्षे तग धरणार नाही, कारण अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही त्याच शिलकीत आहे.

काही टेम्पोवाले यावर स्वस्त उपाय करतात, डिझेलचा हात फिरवतात. गाडी क्षणात चमकते! तेल ओरखड्यांत भरते, त्याचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या जवळचा असतो, म्हणून ओरखडे दिसेनासे होतात. तेलाचा थेंब पडलेला कागद पारभासक होतो, तसेच हे. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर धूळ चिकटते, आणि मग ती पुसायला फडका येतो.

मेणाचे काम याहून सरळ आहे. ब्राझीलमधल्या कारनौबा ताडाच्या पानांवरचे मेण किंवा त्याचे कृत्रिम भाऊबंद यांचा पातळ थर चढवला की पाणी पसरत नाही, थेंब गोळा होऊन ओघळतात आणि धूळ कमी चिकटते. झिजायचे ते आधी मेण झिजते. आपल्या उन्हात ते काही आठवडे टिकते, मग पुन्हा लावायचे.

माझ्या मित्राच्या गाडीच्या टपावरून आम्ही एकदाच, अगदी सौम्य पॉलिश फिरवले. वर्तुळे बरीच विरली. दोन ओरखडे मात्र नख फिरवले तर अजून लागतात, म्हणजे ते चांगलेच खोल आहेत, आणि त्यांना हात लावायचा नाही असे ठरले आहे. गाडी आता कडुलिंबाखाली उभी असते, आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत बहुधा धुळीने माखलेली.